मालदीवचा मासा आणि त्याचा बाजार

एखादी वस्तू अगदी क्षुल्लक किमतीची म्हणून सांगावयाची झाली म्हणजे आपण ती ‘कवडीमोल’ ठरवितो. ज्याच्यापाशी काहीच उरले नाही त्याच्या पदरी ‘फुटकी कवडी’ नसते. तुळजाभवानीच्या भुत्याच्या गळ्यात मात्र हीच कवडी मोठ्या मानाने मिरवते. ती आपल्याकडे आली कोठून, असे विचारणारे थोडे. हिंदुस्थानच्या बाजारांत शतकानुशतके चलन म्हणून फिरलेली कवडी मुख्यतः मालदीव बेटांच्या उथळ पाण्यातून निघे. गलबतांनी ती बंगाल्यात जाई आणि तिच्या मोबदल्यात बेटांवर तांदूळ येई. चौदाव्या शतकात तेथे जाऊन राहिलेला प्रवासी इब्न बतूता लिहितो की, सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत आणि भाव पडला म्हणजे बारा लाखही. कवडीमोल ह्या शब्दाचा ह्याहून चोख हिशेब मला तरी ठाऊक नाही.

कवडीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आज मला बोलावयाचे आहे ते त्याच बेटांवरून बाहेर जाणाऱ्या दुसऱ्या एका मालाविषयी. कवडीचे चलन बंद पडले. हा माल मात्र आजही निघतो आहे. तो म्हणजे कुपा मासा. कोकणच्या बंदरांवर ह्या कुळीतल्या माशांना कुपा, गेदर अशी नावे आहेत. इंग्रजी डब्यांवर त्याला ट्यूना म्हणतात. बांगडा आणि सुरमई ही त्याचीच भावंडे. त्याच्या अनेक जातींपैकी मालदीवचा संसार ज्या जातीवर चालला ती स्किपजॅक. पोटाखाली काळसर पट्टे असलेला हा मासा बहुधा दोन-तीन किलो वजनाचा असतो. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते व तिच्या बळावर ते पाण्यात स्थिर राहू शकतात. स्किपजॅकला ती नसते, म्हणून त्याला अखंड पोहावे लागते. तो लवकर वयात येतो आणि उष्ण समुद्रात वर्षभर अंडी घालतो. शेकडो वर्षे पकडूनही तो संपला नाही, ह्यात त्याच्या ह्या स्वभावाचा वाटा आहे. दुसरा वाटा मात्र पकडणाऱ्यांच्या रीतीचा आहे, आणि ती रीत नीट समजून घेण्यासारखी आहे.

मालदीवची मासेमारीची नाव म्हणजे ‘धोनी’. आपल्या ‘डोणी’शी तिचे नाव जुळते. पूर्वी ती नारळीच्या लाकडाची व शिडाची असे. दिवस उजाडण्यापूर्वी ती निघे, पण प्रथम खोल समुद्रात जात नसे. प्रवाळाच्या खडकांपाशी थांबे. तेथे चार काठ्यांना बांधलेले चौकोनी जाळे पाण्यात सोडून बोटभर लांबीचे चंदेरी मासे धरावयाचे. हे झाले आमिष, आणि ते जिवंत राहिले पाहिजे. त्यासाठी नावेच्या तळाला मुद्दाम भोके ठेवलेली असत. बुचे काढली की समुद्राचे पाणी आत येई, माणसे ते उपसून बाहेर टाकीत, आणि आतल्या लहान माशांना सतत ताजे पाणी मिळे. बुडू नये म्हणून लोक नावेतले पाणी उपसतात हे आपण पाहतो. मासे मरू नयेत म्हणून स्वतः होऊन नावेत पाणी घेणारे हेच.

मग आकाशाकडे पाहत पुढे जावयाचे. समुद्रपक्ष्यांचा थवा जेथे पाण्यावर झेपावतो, तेथे खाली कुप्याचा थवा असतो. तेथे पोचताच एकजण मूठमूठ जिवंत मासे पाण्यात फेकतो, दोघे पाणी शिंपडून पृष्ठभाग खवळून सोडतात, आणि लहान माशांचा मोठा मेळा येथे खेळतो आहे अशा भ्रमाने कुपा वेडापिसा होतो. नावेच्या मागच्या रुंद फळीवर उभे असलेले लोक लांब काठ्यांना बांधलेले चकचकीत गळ टाकतात. ह्या गळाला अडकवून ठेवणारा उलटा काटा नसतो. मासा लागला की काठी मागे झुगारावी. मासा हवेतून येतो, दोरी सैल पडते, तो आपोआप सुटून नावेत पडतो आणि त्याच झोकात गळ पुन्हा पाण्यात जातो. कोणी हात लावून मासा सोडवीत नाही. थवा टिकला तर नाव भरते. आमिष संपले किंवा थवा खाली गेला की घरी परतावयाचे. एका गळाला एक मासा. ह्या खेळात कासव सापडत नाही, मुशी सहसा सापडत नाही, आणि नको असलेला मासा मरून परत टाकण्याची पाळी क्वचितच येते.

परंतु मासा धरणे हे अर्धेच काम. विषुववृत्ताजवळच्या उन्हात, बर्फाचे नावही ठाऊक नसलेल्या बेटावर, सकाळी धरलेला कुपा संध्याकाळपर्यंत वाया जाई. कुप्याचे रक्त उष्ण. तो फार लवकर नासतो, आणि नासलेला कुपा खाल्ल्याने अंगावर लाल चट्टे उठतात, डोके ठणकते. म्हणून नाव किनाऱ्याला लागताच बायका पुढे येत. मासा सोलून त्याचे चार लांब भाग करावयाचे, खाऱ्या पाण्यात शिजवावयाचे, चुलीवरच्या माळ्यावर ठेवून धुरी द्यावयाची, आणि मग कित्येक दिवस उन्हात वाळवावयाचे. शेवटी जे उरते ते लाकडासारखे कठीण व काळे असते. ते कुटावे लागते, पण महिनोन् महिने टिकते. शिजविण्याचे पाणीसुद्धा फुकट जात नसे. आटवून त्याचा दाट तपकिरी रस करीत व तो भाताबरोबर खात.

इब्न बतूता १३४३–४४ च्या सुमारास ह्या बेटांवर काझी होता. त्याने ही कृती जवळजवळ अशीच वर्णिली आहे: माशाचे चार भाग, थोडे शिजविणे, ताडाच्या पानांच्या टोपल्या, धूर, आणि हा मासा हिंदुस्थान, चीन व येमेनला जातो हेही सांगितले आहे. त्याच्यानंतर अडीचशे वर्षांनी, १६०२ साली, फ्रांस्वा पिरार नावाचा एक फ्रेंच ह्या बेटांवर जहाज फुटून अडकला. पाच वर्षे तो तेथे राहिला, भाषा शिकला, आणि सुक्या काळ्या माशाच्या व्यापाराची नोंद त्यानेही केली. १६०७ साली बंगालकडून आलेल्या टोळीने माले शहर लुटले, त्या गोंधळात तो सुटला आणि पुढच्या वर्षी गोव्यास पोचला. तेथील इस्पितळात तो आजारी होऊन पडला. त्याने केलेले जुन्या गोव्याचे वर्णन गोमंतकाच्या इतिहासकारांना परिचितच आहे. गोव्याचा आणि मालदीवचा संबंध त्या काळी तसा जवळचा होता. ख्रिस्ती झालेला मालदीवचा एक राजा व त्याचे वंशज पोर्तुगीजांच्या आश्रयाने कोचीन व गोवे येथे राहिले होते, आणि बेटांवरचे पोर्तुगीज राज्य १५७३ साली उलथले तरी त्यांचा हक्क सांगणे थांबले नव्हते. असो.

ह्या मासेमारीला आवर घालणाऱ्या तीन गोष्टी होत्या: वारा, आमिष आणि चूल. वाऱ्याने नेले तितकेच दूर जावयाचे. आमिष पुरेल तितकाच वेळ धरावयाचे. आणि घरच्या चुली रात्रीतून शिजवतील तितकाच मासा आणावयाचा. कोणा राजाने कायदा केला नव्हता की कोणा शास्त्रज्ञाने हिशेब मांडला नव्हता. मात्र ही माणसे निसर्गाचे पुजारी होती म्हणून त्यांनी समुद्र राखला, असे जे हल्ली भाबडेपणाने लिहिले जाते ते मला पटत नाही. ती गरीब होती, आणि त्यांची साधने तोकडी होती. मिळाला असता तर त्यांनीही अधिक मासा आणला असता. पण रीत चांगली होती, हे खरे.

चौथी गोष्ट बेटांच्या हातात नव्हती. ती म्हणजे गिऱ्हाईक. बेटांवर तांदूळ पिकत नाही, कापूस पिकत नाही. जे काही हवे ते मासा विकून आणावयाचे, आणि तो घेणारा मुख्यतः एकच, सिलोन. सिंहली स्वयंपाकात ह्या सुक्या माशाला ‘उंबलकड’ म्हणतात. तो कुटून कालवणात, भाजीत, नारळाच्या चटणीत घालतात. आपल्याकडे खोबऱ्या-कोथिंबिरीवाचून जसे अडते तसे तेथे त्याच्यावाचून अडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्यांनी मालेमध्ये दुकाने थाटली, आणि तांदूळ-कापड आणावयाचे व मासा न्यावयाचा हा व्यवहार बराचसा त्यांच्या हाती गेला. मुंबईच्या पेढीवर बसलेल्या शेटजीला मालदीवचा कुपा चवीने ठाऊक असेल-नसेल, भावाने मात्र निश्चित ठाऊक होता.

दक्षिणेकडील अड्डू व हुवाडू ह्या बेटसमूहांची गोष्ट निराळी. तेथील लोकांची स्वतःची मोठी गलबते होती, आणि ती मालेला वळसा घालून थेट कोलंबो-गॉलला माल नेत. मालेच्या सरकारला हे रुचत नसे. सारा व्यापार राजधानीतून व्हावा असा त्याचा आग्रह. १९५९ साली दक्षिणेची बेटे फुटून निघाली व त्यांनी ‘सुवादीव’ नावाचे स्वतंत्र राज्य पुकारले. ह्या बंडाला इतरही कारणे होती, गान बेटावरील ब्रिटिश विमानतळ हे त्यांतले एक. पण आपला मासा आपण कोठे व कोणत्या भावाने विकावा, हे दुखणे मुळाशी होतेच. १९६२ मध्ये सरकारी सैन्याने हुवाडूमधील तिनाधू हे बंडखोर बेट उद्ध्वस्त करून निर्मनुष्य केले, आणि १९६३ साली ते राज्य संपले. सुक्या माशाच्या व्यापाराचे जे इतिहास लिहिले जातात त्यांत तिनाधूचे नाव क्वचितच येते. ते यावे असे मला वाटते.

मग १९७१–७२ आले. सिलोनला परकीय चलनाची टंचाई भासू लागली आणि त्याने बाहेरून येणाऱ्या मालावर निर्बंध घातले. त्यांत उंबलकडही आला. सहाशे वर्षांचे गिऱ्हाईक एकाएकी दाराआड झाले. मालेच्या वखारींत वाळलेला मासा पडून राहू लागला. समुद्रात कुपा होता तितकाच होता, धरणाऱ्यांचे हात तेच होते, तरी देशावर संकट कोसळले. जपानी कंपन्या ह्याच सुमारास गोठविलेल्या कच्च्या कुप्याच्या शोधात होत्या. त्यांची शीतगृहाची जहाजे १९७२ पासून मालदीवच्या बेटांजवळ नांगर टाकून उभी राहू लागली. कोळ्याने दिवसाचा मासा नेऊन थेट जहाजावर घालावा व पैसे घ्यावे. त्याच वर्षी तेथे परदेशी पाहुण्यांसाठी पहिले विश्रामबेट उघडले. १९७४ पासून धोन्यांना इंजिने बसू लागली, आणि दशकाच्या अखेरीस फेलिवारू बेटावर मासा डबाबंद करण्याचा कारखाना उभा राहिला.

देश वाचला. कोळ्याच्या हाती रोख पैसा आला. वारा पडला म्हणून बसून राहण्याची वेळ उरली नाही. पण जहाजावर विकलेला कच्चा मासा बेटावरच्या चुलीपाशी पोचतच नव्हता. ज्या बायकांनी इब्न बतूताच्या काळापासून हा मासा शिजविला, धुरविला, वाळविला, आणि त्याबद्दल आपला वाटा घेतला, त्यांचे काम अल्पावधीत गेले. पुरुषाची मिळकत वाढली आणि बाईची बुडाली. त्या काळच्या विकास-अहवालांत टनांचे आकडे चढत गेलेले दिसतात. ही दुसरी बाजू पुष्कळ उशिरा अभ्यासकांच्या ध्यानात आली.

तीन मर्यादांपैकी वारा इंजिनाने घालविला, चूल बर्फाने व जहाजाने. आमिष तेवढे राहिले. तेही आता रात्री प्रखर दिवे लावून मोठ्या प्रमाणावर धरतात, आणि त्यामुळे खडकांवरील लहान मासा कमी होतो अशी तक्रार पाणबुड्या पाहुण्यांची सोय पाहणारे करीत असतात. मालदीवची एकूण मासळी वाढत वाढत २००६ साली पावणेदोन लाख टनांच्या वर गेली, आणि लगेच घसरू लागली. ह्या घसरणीचे कारण केवळ बेटांवर शोधून चालणार नाही.

१९८० नंतर फ्रान्स व स्पेन ह्या देशांची मोठी जहाजे अटलांटिक सोडून हिंदी महासागरात आली व सेशेल्सच्या व्हिक्टोरिया बंदराला त्यांनी तळ केला. त्यांचे साधन पर्ससीन. ह्या जाळ्याची ओळख रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या श्रोत्यांना करून द्यावयाची गरज नाही; रापणकारांची व लहान नौकावाल्यांची त्याच्याशी झालेली भांडणे त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. महासागरात त्याच्या जोडीला तरंगते तराफे सोडतात. सावलीखाली जमण्याची माशांची खोड असते. तराफ्याखाली स्किपजॅक जमतो, पण त्याच्याबरोबर पिवळ्या पंखांच्या मोठ्या कुप्याची अजाण पिल्लेही जमतात, आणि जाळे दोहोंत निवड करीत नाही. मालदीवने आपल्या हद्दीत जाळ्याने कुपा धरण्यास बंदी ठेवली. परंतु कुपा हद्द जाणत नाही.

म्हणून भांडण हिंदी महासागर ट्यूना आयोगात गेले. हा आयोग १९९६ पासून चालू आहे. मालदीवच्या पुढाकाराने त्याने २०१६ साली स्किपजॅक किती धरावा ह्याचा नियम केला, आणि त्या नियमाने २०१८ ते २०२० साठी वर्षाला ४,७०,०२९ टनांची मर्यादा निघाली. पहिल्याच वर्षी प्रत्यक्षात सहा लाख टनांहून अधिक मासा धरला गेला. मर्यादा होती, पण ती कोणत्या देशाने किती पाळावयाची ह्याची वाटणीच झाली नव्हती. सार्वजनिक आडावर दोर सर्वांचे, आणि पाणी मोजणारा कोणी नाही, तशी गत. २०२३ च्या फेब्रुवारीत मोंबासा येथे तरंगत्या तराफ्यांची मासेमारी वर्षातून काही काळ बंद ठेवण्याचा ठराव मतदानाने संमत झाला. युरोपीय संघासह अनेक सभासदांनी हरकत नोंदविली, आणि ठराव कागदावर राहिला.

दरम्यान २०१२ साली मालदीवच्या गळाने धरलेल्या स्किपजॅकला समुद्रसंवर्धनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. युरोपातील सुशिक्षित गिऱ्हाईक डब्यावर ‘काठी व गळ’ ही अक्षरे शोधू लागले. आता भाव येणार, असे कोळ्यांना वाटले. परंतु बाजाराचा न्याय पाहा. मालदीवची सांपत्तिक स्थिती सुधारली म्हणून गरीब देशांच्या यादीतून त्याचे नाव काढण्यात आले, आणि त्यामुळे २०१४ च्या आरंभापासून युरोपात त्याच्या डबाबंद कुप्यावर शेकडा २४ ची जकात बसू लागली. सेशेल्सच्या कारखान्यात डबाबंद झालेला, जाळ्याने धरलेला मासा मात्र कराराच्या बळावर जकातीवाचून आत जातो. एका गळाला एक मासा ह्या रीतीने धरलेला कुपा पुष्कळसा गोठवून थायलंडला जातो, तेथे त्याचे डबे भरतात, आणि डबे भरण्याची मजुरी व नफा तेथेच राहतो. फेलिवारूच्या यंत्रांना पुरेसे काम न मिळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

ह्या साखळीतली सर्वांत उत्तरेकडची कडी आपल्याच देशात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटाची भाषा मालदीवची, नावा मालदीवच्या घाटाच्या, आणि मासेमारीही जिवंत आमिषाची व गळाची. १९५६ साली हा केंद्रशासित प्रदेश झाल्यावर सरकारने मिनिकॉयच्या कोळ्यांकडून ही रीत अगत्तीसारख्या इतर बेटांना शिकविली व इंजिनाच्या नावा पुरविल्या. तेथे सुक्या कुप्याला ‘मासमीन’ म्हणतात. मालदीवच्या बायकांच्या हातून जे काम गेले ते येथे अजून घरोघर चालते: शिजविणे, धुरी, ऊन. पावसाळा उघडला की मासमीनची पोती होडीने व जहाजाने मुख्य भूमीवर येतात आणि तुतिकोरीनच्या अडत्यांकडे पोचतात. तेथून पुष्कळ माल पुन्हा समुद्र ओलांडतो, आणि श्रीलंकेच्या चुलीवर उंबलकड म्हणून कुटला जातो. पोत्याचा भाव बेटावर ठरत नाही, तुतिकोरीनला ठरतो. नावा वल्ह्याच्या होत्या तेव्हाही तो बेटावर ठरत नव्हता.